मनी मारब्याड

"इंथा मनी याक मारतार?" असं दानम्मा आपल्या मुलाला म्हणाल्या, आणि मी चुन्याचा कुंचा हातात घेऊन तशीच माजघरातून ओसरीवर धावले.

"अहो छे! मनीला कोण मारतंय? या घरात तिला कुणी बोटसुद्धा लावत नाही."

मनी उंबऱ्यावर पाय ताणून पडली होती. आपलं नाव ऐकून तिनं एक डोळा उघडला, पाहुणे बघितले, ते पसंत पडले नाहीत, डोळा पुन्हा मिटला. दानम्मा माझ्याकडं बघत राहिल्या, मग मांजराकडं, मग मुलाकडं. मुलगा चनबसप्पा, सुताचा व्यापारी, आमचं घर घ्यायचं म्हणून आईला दाखवायला घेऊन आलेला. तो क्षणभर बावचळला आणि मग असा मोठ्यानं हसला की आडावरची कबुतरं उडाली. "बाई, तुमी मांजराचं समजलाव व्हय! तसं न्हाई हो. आमच्या कानडीत मनी म्हंजे घर. आन् मारणं म्हंजे इकणं. आई म्हणायल्यात, असलं लई चांगलं घर हे लोक का इकायलेत?" दानम्मा हसल्या, मीही हसले. हसण्यासारखंच होतं. पण मला मेलीला चौकशा फार, म्हणून विचारलंच, "मग मारणं, काठीनं मारणं, त्याला काय म्हणता तुम्ही?" "होडी," चनबसप्पा म्हणाला. "मारू नको म्हणायचं तर होडीब्याड." "आणि मारब्याड म्हटलं तर?" "तर इकू नको." एवढं सांगून तो आडाचं पाणी बघायला गेला. कुंच्यातला चुना माझ्या पायावर ठिबकत होता. दानम्मांनी बोट दाखवलं तेव्हा मला कळलं.

मग त्यांनी सगळं घर फिरून बघितलं. मी मागं मागं हिंडत होते आणि तोंडानं बोलत होते, हे कोठीघर, ही न्हाणी, उन्हाळ्यात ही खोली गार राहते, माळवदावर निजायला वारं चांगलं लागतं. गेले कितीतरी दिवस मी याच दिवसासाठी खपत होते. विकायचं घर आणि दाखवायची मुलगी, दोन्हींची गत एकच, आहे त्याहून उजळ करून पाटावर बसवायचं. भिंतींना चुना द्यायला माणूस लावला होता, पण त्याचा हात मला पसंत नव्हता, म्हणून कोपरे मी स्वतः धरले. चुन्यात नीळ किती घालायची, डिंक किती, याच्यावरून आमची रोज बोलाचाली. देवाच्या कोनाड्यावरची काजळी राखेनं घासून काढली. कपाटामागं हात घातला तर एक फणी, एक वाळकी सुपारी आणि मनीनं कधीतरी मारलेल्या चिमणीची पिसं निघाली. वीस वर्षं मी या घरात राहते, पण हे घर मी कधी बघितलंच नव्हतं, असं मला त्या दिवसांत सारखं वाटायचं. खिडकीची एक काच हिरवी होती. हिरवी! रोज तिच्यासमोर उभी राहून मी वेणी घातलेली. पुसल्यावर कळलं, मळ नव्हे, रंगच तसा. विकायला काढल्यावर माणसाला घर दिसायला लागतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, चला, काहीतरीच. दानम्मांना हिरवी काच फार आवडली. त्यांनी तिच्यातून आपला हात धरून बघितला, लहान मुलीसारखा, आणि मुलाला हाक मारून दाखवला. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेआधी राहायला यायचं, असं मायलेकांचं ठरूनही गेलं. जाताना दानम्मांनी माझ्याकडून कुंकू लावून घेतलं आणि ती दोघं गेली.

मी माजघरात येऊन पुन्हा भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. कुंचा चुन्यात बुडवला, वर नेला, आणि हात तिथंच राहिला. मनी म्हणजे घर. मार म्हणजे विक. आणि ब्याड म्हणजे नको. हे तिसरं मला आधीपासून येत होतं. सासूबाई मागल्या दारी दह्यावाल्या शरणम्माला म्हणायच्या, इवत्त ब्याड, आज नको, आणि शरणम्मा मडकं उचलून पुढं जायची. ब्याड म्हणजे नको, बा म्हणजे ये आणि वळग म्हणजे आत, एवढंच माझं कानडी. त्या एवढ्याशा भांडवलावर मी सासूबाईंचे शेवटचे शब्द साऱ्या गोताला समजावून सांगितले होते.

त्या गेल्या तेव्हा घरात मी एकटी. हे कचेरीत. हे म्हणजे आमच्या घरचे, वेणीमाधवराव. सासूबाई त्यांना अप्पा म्हणायच्या. त्या दिवशी सकाळी मनीनं आजारी माणसासाठी ठेवलेलं दूध लवंडलं होतं आणि मी चुलीपुढची फुंकणी तिच्या अंगावर फेकली होती. फुंकणी लागली नाही, घंगाळावर जाऊन आदळली, आणि घरभर दणका झाला. सासूबाई डोळे मिटून पडून होत्या. दुपारी, मी त्यांच्या पायांना तेल चोळत असताना, त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं नाही बघितलं. वर तुळईकडं बघितलं आणि स्वच्छ आवाजात, तापात बरळल्यासारखं नव्हे, अगदी दारात उभं राहून कुणाला सांगावं तसं म्हणाल्या, "मनी मारब्याड, अप्पा." नंतर बोलल्या नाहीत. दिवेलागणीला गेल्या. हे घरी आले तेव्हा मी रडत रडत सांगितलं, "तुमची आठवण काढली हो. अप्पा म्हणाल्या. आणि मनीला मारू नका म्हणाल्या." मी मराठीत सांगितलं. मला वाटलं, समजलेलं सांगावं, त्यात काय. सकाळच्या फुंकणीचा दणका त्यांच्या कानात राहिला असणार, असं माझं मलाच उमगलं होतं. मनी, मार, नको. आणखी कसला अर्थ निघणार त्यातून?

आणि मग ती गोष्ट मोठी झाली. भेटायला येणारी प्रत्येक बाई पदराला डोळे पुसून म्हणायची, काय तो जीव, शेवटी मुक्या जनावरात अडकला! दहाव्याला तळ्याच्या काठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. कावळे झाडावर बसलेले, खाली बघतात, मान वाकडी करतात, येत नाहीत. ऊन चढलं. कुणी म्हणालं, नातवंडांची इच्छा राहिली असेल. आम्हाला मूलबाळ नाही, मी खाली बघितलं. कुणी म्हणालं, काशीला जायचं राहिलं. हे सगळं बोलून झालं तरी कावळे झाडावरच. शेवटी यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आई, मनीला कधी अंतर देणार नाही." म्हणायचा अवकाश, कावळा पिंडावर! यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेव्हापासून ही गोष्ट हे सगळ्यांना सांगत आलेत. कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, आगगाडीत अनोळखी माणसालासुद्धा. सांगताना दर वेळी आवाज भरून येतो. अशी होती माझी आई, म्हणतात. आणि मनीचा थाट काय विचारता! आधी तिला दूध, मग आम्हाला चहा.

आता त्या माजघरात उभी राहून मला कळत होतं की यांनी तळ्याच्या काठी कसलं वचन देऊन ठेवलं होतं. मनीला अंतर देणार नाही. कावळ्याला कानडी येत असणार, असं माझ्या मनात आलं आणि मला हसू फुटलं. श्रीपूरला साखरेचा नवा कारखाना, तिथं यांना हिशेबनीसाची जागा मिळाली, राहायला नवं घर, दारात नळ. आडाचं पाणी ओढून ओढून माझ्या तळहाताला घट्टे पडलेत, मला तो नळ स्वप्नात दिसायचा. उसाच्या मळ्यात सकाळी धुकं कसं दिसतं, मळीचा वास सगळ्या अंगाला लागतो म्हणतात तो कसा असतो, तिथल्या बायका दुपारी काय करतात, हे सगळं मला बघायचं होतं. घर विकायला हे तयारच नव्हते. मीच मागं लागले. कुलूप लावून गेलो तर भिंतींत वाळवी शिरेल, भाडेकरू ठेवला तर निघणार नाही, विकूनच टाकू. रोज जेवायला वाढताना मी तेच पालुपद लावलं, आणि एक दिवस हे म्हणाले, बरं बाई, तू म्हणतेस तसं. आणि आता मी जाऊन सांगायचं, की तुमची आई मरताना म्हणाली होती घर विकू नको, मीच तुम्हाला मांजर म्हणून सांगितलं? मग कुठलं श्रीपूर आणि कुठला नळ! हे आपले कागद फाडून ओसरीवर बसतील. आणि न सांगावं तर? ऐकणारी मी एकटी होते. माझ्याशिवाय जगात कुणाला ते शब्द ठाऊक नाहीत. मी गप्प बसले तर ते नाहीतच.

पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला कुतूहलच जास्त छळत होतं. का म्हणाल्या असतील? तेव्हा घर विकायचं कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. आणि हे घर त्यांना इतकं प्यारं कधी होतं? मी आठवायला लागले. सासूबाई या घरात कधी भिंतीला टेकून बसल्या नाहीत. खरंच, कधीच नाहीत. मधोमध बसायच्या, पाठ ताठ, किंवा मागल्या दाराशी उकिडव्या, परक्या घरी आल्यासारख्या. त्यांचं माहेर विजापूरचं. आठ वर्षांची पोर लग्न होऊन इथं आली, तुंगाची रुक्मिणी झाली, आणि त्यांच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, या घरात कानडी चालायचं नाही. माझी सासू हे स्वतः सांगायची, हसत सांगायची. सोवळ्यात कानडी बोललं की पुन्हा अंघोळ. पुढं हे झाले तेव्हा तर तंबीच, पोराच्या कानावर एक शब्द जाता कामा नये, जीभ बिघडेल. सासूबाईंची सासू कधीच वर गेली, पण तिचा हुकूम घरात राहिला. शरणम्माशी त्या कानडी बोलायच्या ते मागल्या दाराबाहेर पाऊल टाकून, उंबऱ्याच्या आत नाही. फक्त तांदूळ मोजताना ओठ हलायचे, वंदु, यरडु, मूरु, आणि मी आले की थांबायचे. मी वाईची, मला कृष्णेकाठचं तुपासारखं मराठी येतं म्हणून लग्नात सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. त्यांचं मराठी ऐकून मी नवी असताना पदराआड हसलेही असेन, कोण जाणे.

आणि मग मला मांजराचं आठवलं. पिल्लू मीच आणलं होतं, पावसात भिजलेलं, मुठीएवढं. मी म्हटलं, हिचं नाव मनी. आमच्याकडं दर तिसऱ्या घरात मनी असते, त्यात विशेष काय? पण सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या हसत सुटल्या. इतक्या हसल्या की खोकला आला. "मनी? मनी म्हणतेस हिला?" "का हो? चांगलं नाही?" "चांगलं आहे गं. फार चांगलं आहे." आणि पिल्लू उचलून त्यांनी मांडीवर घेतलं. त्या दिवसापासून दिवसभर त्यांचं चालायचं, मनी कुठंय, मनी आली का, ये गं मनी, माझी मनी ती. संध्याकाळी मागल्या दाराशी बसून मनीला मांडीवर घेऊन थोपटत राहायच्या. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी मांजराचा लळा लागला. सगळ्यांच्या देखत, सासूच्या हुकुमाच्या नाकावर टिच्चून, त्या या घरात आठ वर्षं कानडी बोलत होत्या, एकाच शब्दाचं का होईना. आणि मी मेली समजत होते की त्या माझं मराठी बोलतायत! मला तिथल्या तिथं, ओल्या भिंतीसमोर, रडू आलं. चुना डोळ्यात गेला असंही म्हणता येईल. पण रडूच आलं.

हे कचेरीतून आले, कोट काढला, चहा घेतला आणि हातोडी घेऊन भिंतीचे खिळे उपटायला बसले. हे काम त्यांनी आपल्याकडं घेतलं होतं. उपटलेला खिळा ठोकून सरळ करायचा आणि डब्यात टाकायचा. "वाकडे खिळे श्रीपूरला न्यायचे?" मी विचारलं होतं तर म्हणाले, "वाकडे कुठं, सरळ केलेत." अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे. मी शेजारी पाट घेऊन बसले. विचारू की नको, विचारू की नको. "अहो, आईंचं माहेरचं घर कसं होतं हो?"

"मी कुठं बघितलंय? विकलं म्हणे."

"कुणी?"

"आजोबांनी. आईच्या लग्नाच्या जरा आधी. कर्ज होतं का काय, मला ठाऊक नाही. आई बोलत नसे. एकदाच म्हणाली होती, दारात कडुलिंब होता, त्याच्या लिंबोळ्या वेचत होते आणि घरातले गाडी भरायला लागले. तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं." त्यांनी खिळा उलटसुलट करून बघितला. "का गं?"

"त्यांच्या वडिलांना त्या काय म्हणायच्या?"

"अप्पा. म्हणून तर मला अप्पा म्हणायची. वडिलांवर फार जीव होता तिचा, रागही तेवढाच."

म्हणजे तो अप्पा त्यांचा बापही असू शकत होता. आता पुढचं सांगायलाच हवं होतं, आणि नको सांगायला असंही वाटत होतं. एवढ्यानं माझं काम झालं होतं, माझ्यापुरती मी सुटले होते. आठ वर्षांची पोर बापाला म्हणत होती, या घराशी त्या शब्दांचा काही संबंध नव्हता, श्रीपूरचा नळ शाबूत होता. पण ते तर माझं मन म्हणत होतं, सोयीचं बघून. मी आधीही एकदा सोयीचा अर्थ लावला होता. आणि अप्पा दोन होते, एक मेलेला आणि एक माझ्यासमोर खिळे सरळ करत बसलेला. कुणाला उद्देशून म्हणाल्या ते ठरवणारी मी कोण? मी म्हटलं, "ऐका. हातोडी खाली ठेवा आधी."

मग सगळं सांगितलं. दानम्मांचं बोलणं, होडी आणि मारणं, आणि ते तीन शब्द जसेच्या तसे, त्यांच्याच सुरात. हे ऐकत राहिले. मनी येऊन त्यांच्या पायाशी बसली, तिला त्यांनी नेहमीसारखं खाजवलं नाही.

"मनी म्हणजे घर हे मला माहीत आहे," ते हळू म्हणाले. "कचेरीत अक्कलकोटकडचे पक्षकार येतात. तू तेव्हाच हे शब्द सांगितले असतेस तर मला कळलं असतं."

"मी मराठीत सांगितलं."

"हो. मराठीत सांगितलंस."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "घर नाही विकायचं तर नाही विकू. चनबसप्पांना मी सांगेन. तुमच्या आईचा शब्द आहे, आणि तुम्ही तळ्यावर तो दिलाय." असं मी मनापासून म्हटलं आणि म्हणताना नळ डोळ्यांसमोरून गेला, हेही खरं.

त्यांनी भिंतीकडं बघितलं. नव्या चुन्यावर खिळ्यांची भोकं तेवढी काळी दिसत होती. "अप्पा म्हणाली, नक्की?"

"नक्की."

"मग ते मला नाही."

"कशावरून?"

"कानडीत बोलली ना? मग मला नाही." त्यांनी डब्यातले खिळे उगाच चाळवले. "माझ्याशी आई कधी कानडी बोलली नाही गं. एक शब्द नाही. लहानपणी ताप आला, पडलो, तरी मराठीतच. अडखळत, चुकत, पण मराठीत. माझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हा हुकूम तिनं आजी गेल्यावरसुद्धा पाळला. मरतानाही पाळला असणार. मला सांगायचं असतं तर मराठीत म्हणाली असती, अप्पा, घर विकू नको रे. तेवढं मराठी तिला येत होतं." आणि मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत हिंडलो, आईनं शेवटी मला हाक मारली. मला नव्हतीच ती. मी तिथं नव्हतोच, आणि असतो तरी ते माझ्यासाठी नसतं. माझ्याच आईची भाषा मला आली नाही." हे बोलून ते रडले. मांजराची गोष्ट सांगताना रडायचे तसे नाही, त्यात एक गोडवा असायचा. हे रडणं मी पहिल्यांदाच बघत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चुन्याचा हात होता, सदऱ्यावर पाचही बोटं उमटली.

नंतर, डोळे पुसून झाल्यावर, त्यांनी मलाच विचारलं, "या दानम्मा घरात कानडी बोलतात का?"

"बोलतात म्हणजे! पेठेच्या त्या टोकाला ऐकू जातं."

"माजघरात? स्वयंपाकघरात?"

"त्यांना कोण अडवणार?"

"मग त्यांनाच देऊ," ते म्हणाले आणि पुढच्या खिळ्याला हात घातला. मी उठून कुंचा घेतला आणि भोकं बुजवायला लागले.

गड्ड्याच्या आधी आम्ही निघालो. गाडी दारात भरली. भांडी, ट्रंका, देव, खिळ्यांचा डबा. मनीसाठी मी टोपली केली होती, वर फडकं बांधायची तयारी. तर ही बया सकाळपासून बेपत्ता. हाका मारून घसा सुकला. शेवटी बघते तर माळवदावर, कठड्याच्या कडेला बसलेली, खाली आमच्याकडं बघतेय. वर जाऊन धरली, टोपलीत घातली, तर फडकं फाडून पुन्हा वर. दुसऱ्यांदा माझ्या मनगटावर ओरखडा काढला. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, म्हणतात ते काय खोटं? तोवर दानम्मा आल्या होत्या, किल्ल्या घ्यायला. त्यांनी माझं मनगट बघितलं, हळद मागितली, हळद गाडीत गेलेली. मग स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून विभूती काढून लावली. "ऱ्हाऊ दे की बाई तिला हितंच," म्हणाल्या. "मी दूध घालते. घर सोडून मांजर कुटं जातंय व्हय?"

यांनी माझ्याकडं बघितलं, मी यांच्याकडं. हे मान हलवून गाडीकडं चालू लागले. मी किल्ल्यांचा जुडगा दानम्मांच्या हातावर ठेवला आणि माझ्या हातानं त्यांची मूठ मिटली. मला त्यांना सांगायचं होतं, म्हातारी आहे, दूध कोमट लागतं, कधी लवंडलंच तर फुंकणी फेकू नका. आणि मला सांगायचं होतं, इथं मागल्या दाराशी एक बाई बसायची, ती भिंतीला टेकत नसे, तुम्ही टेकून बसा. यातलं काहीच तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच.

"मनी मारब्याड," मी म्हटलं.

दानम्मांनी हसू आवरलं, मी पुन्हा चुकले असं त्यांना वाटलं असणार. वर मांजराकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचं हसू गेलं. मोकळ्या हातानं त्यांनी दाराच्या चौकटीवरून हात फिरवला, तोच हात माझ्या गालाला लावला. "इल्लव्वा," त्या म्हणाल्या. "मारंगिल्ल."

काय नाही करणार, मारणार नाही की विकणार नाही? मला मेलीला चौकशा फार. पण तेवढं एक मी विचारलं नाही. गाडीत जाऊन बसले, हे जरा सरकले, गाडीवानानं बैलांना हाकारलं. वळणापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून दानम्मांचा आवाज आला, खणखणीत, अख्ख्या भवानी पेठेनं ऐकावा असा.

"मनी! बा, वळग बा!"

यांनी मान वळवली. "काय म्हणतायत?"

"ये म्हणतायत," मी म्हटलं. "आत ये."